जुना टीव्ही, घरचा डबा : वाचकांचे प्रश्न

दूरदर्शनचे जमिनीवरचे जुने ट्रान्समीटर टप्प्याटप्प्याने बंद झाले आणि छपरावरचे अँटेने कावळ्यांना बसायला मोकळे झाले. पण आपल्या भागात लाकडी कॅबिनेटचे, शटरचे ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही अजून पुष्कळ घरांत आहेत आणि ते चालू करायची खटपट करणारे हातही आहेत. फ्री डिशच्या सेट-टॉप बॉक्सचं चित्र घ्यायचं, घरी बनवलेल्या मॉड्युलेटरच्या डब्यातून चॅनल ३ किंवा ४ वर चढवायचं आणि टीव्हीच्या अँटेना सॉकेटात द्यायचं, असा हा उद्योग. या खेपेची बहुतेक पत्रं त्याच डब्याबद्दल आहेत, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक तक्रारींचं मूळ एकच निघालं. म्हणून पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे.

प्रश्न : भाऊ, आजोबाचा शटरवाला व्हॉल्व्हचा टीव्ही आहे. पिक्चर ट्यूब चांगली आहे. म्या घरीच डबा बनवला. सेट-टॉपच्या पिवळ्या पिनेतून व्हिडिओ घेतला, १० मायक्रोफॅरॅडच्या कंडेन्सरमधून ट्रान्झिस्टरले देला, तिथून मॉड्युलेटरले. चॅनल ४ वर चित्र येते, पण तीन लफडे आहेत. सिरियलमध्ये अंधाराचा सीन आला की काळं काळं राहतच नाई, भुरकं होते. काळ्यावर पांढरे अक्षर आले की आवाजात भर्रर्र सुरू होते. अन् दुपारच्या क्रिकेट मॅचमध्ये चित्राचं वरचं टोक वाकडं होते. दोस्त म्हणून राहिला का व्हॉल्व्ह गेले, बदलून टाक. बदलू काय?
— दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : व्हॉल्व्हला हात लावू नका. तुम्ही लिहिलेली तिन्ही लफडी एकाच आईची लेकरं आहेत, आणि ती आई म्हणजे तुमचा तो १० मायक्रोफॅरॅडचा कंडेन्सर.

सेट-टॉपच्या पिवळ्या पिनेतून येणारा व्हिडिओ तळापासून टोकापर्यंत १ व्होल्टचा असतो. सगळ्यात खाली सिंक, म्हणजे रेघ कुठं सुरू होते ते टीव्हीला सांगणारा पल्स, ती शून्यावर धरा. ०.३ व्होल्टवर काळं आणि १ व्होल्टवर पूर्ण पांढरं. एक रेघ ६४ मायक्रोसेकंदांची. त्यातले १२ मायक्रोसेकंद ब्लँकिंगचे, म्हणजे चित्र नसलेले, त्या ब्लँकिंगमध्ये ४.७ मायक्रोसेकंद सिंक. उरलेल्या ५२ मायक्रोसेकंदांत चित्र. आता कंडेन्सर काय करतो? तो डीसी, म्हणजे सिग्नलची स्थिर पातळी, अडवतो आणि पलीकडे सिग्नलची सरासरी शून्यावर आणून ठेवतो. चित्र बदललं की सरासरी बदलते, आणि सरासरी बदलली की अख्खा सिग्नल वर-खाली सरकतो.

किती सरकतो याचा हिशेब कागदावर करून बघा. पूर्ण काळ्या रेघेची सरासरी निघते सुमारे ०.२८ व्होल्ट, पूर्ण पांढऱ्या रेघेची सुमारे ०.८५. म्हणजे कंडेन्सरच्या पलीकडे काळ्या पडद्याच्या वेळी काळी पातळी शून्याच्या किंचित वर असते, आणि पांढऱ्या पडद्याच्या वेळी तीच काळी पातळी शून्याच्या अर्धा व्होल्टहून जास्त खाली जाते. १ व्होल्टच्या सिग्नलमध्ये काळं अर्धा व्होल्ट हिंडतं, मग मॉड्युलेटरनं काळं म्हणावं कशाला? वरून बघाल तर १ व्होल्टच्या सिग्नलला मावायला दीड व्होल्टहून जास्त जागा लागते, आणि तुमच्या मॉड्युलेटरमध्ये तेवढी जागा नाही.

आता तुमची लफडी एकेक करून लावा. आपल्याकडची प्रक्षेपणाची रीत निगेटिव्ह मॉड्युलेशनची. सिंकच्या वेळी कॅरिअर (चित्र वाहून नेणारी रेडिओलहर) पूर्ण १०० टक्के, पांढऱ्याला जेमतेम १० टक्के. अंधाराच्या सीनमध्ये सिग्नल वर सरकतो, वर म्हणजे पांढऱ्याच्या बाजूला, म्हणून काळं भुरकं होतं. त्याच अंधारात पांढरी अक्षरं आली की त्यांचं टोक नेहमीपेक्षा खूप वर जातं आणि कॅरिअर १० टक्क्यांवर न थांबता पार शून्याला टेकतो. टीव्ही ५.५ मेगाहर्ट्झचा आवाज काढतो तो चित्राच्या कॅरिअरचाच आधार घेऊन. कॅरिअरच गेला की आवाजाचा आधार तुटतो, आणि प्रत्येक पडद्याला, म्हणजे सेकंदाला ५० वेळा तुटतो. तोच तुमचा भर्रर्र. उलट मॅचमध्ये उन्हातलं मैदान आलं की सिग्नल खाली सरकतो, सिंकचं टोक मॉड्युलेटरच्या ताकदीबाहेर जातं आणि चेपलं जातं. चेपलेल्या सिंकवर टीव्हीची लाइन नीट लॉक होत नाही, वरचं टोक वाकतं.

दोस्ताचं म्हणणं एका बाबतीत खरं असू शकतं, म्हणून आधी एक तपासणी करा. त्याला ऑसिलोस्कोप लागत नाही, टीव्हीचं मागचं व्ही-होल्डचं बटण लागतं. ते हळूच फिरवून चित्र असं सरकवा की दोन पडद्यांमधला आडवा काळा पट्टा मधोमध येईल. ब्राइटनेस वाढवा. पट्टा भुरका दिसेल आणि त्याच्यात अजून गडद असा एक तुकडा दिसेल. भुरका भाग म्हणजे ब्लँकिंग, गडद तुकडा म्हणजे सिंक. आता सेट-टॉपवर अंधाराचा आणि उजेडाचा सीन येऊ द्या. पट्ट्याचा भुरकेपणा सीनप्रमाणे कमी-जास्त होत असेल तर डीसी कुठेतरी हरवतो आहे. उजेडाच्या सीनमध्ये भुरका आणि गडद यांतला फरक मिटत असेल तर सिंक चेपली जाते आहे, आणि हे दुसरं लक्षण बहुधा डब्याचं. पहिलं लक्षण मात्र टीव्हीचंही असू शकतं. बऱ्याच स्वस्त सेटांत व्हिडिओ आउटपुटपासून पिक्चर ट्यूबच्या कॅथोडपर्यंत मध्ये कंडेन्सर घातलेला असे. कंपनीनंच काळी पातळी सोडून दिलेली. हे ओळखायला कोणाकडे जुना व्हीसीआर असेल तर तो आणा आणि त्याचा आरएफ आउट (अँटेना सॉकेटात जाणारी पिन) लावा. त्याच्यातला मॉड्युलेटर कारखान्यातला, पातळी धरणारा. त्याच्यावरही पट्टा तसाच हलत असेल तर तुमचा टीव्ही त्या जातीचा आहे. मग डबा सुधारून आवाज आणि वाकडेपणा जाईल, भुरकेपणा थोडा राहील, आणि तो राहू द्या. आजोबांनीही तोच बघितला असेल.

आता इलाज. त्याला क्लॅम्प म्हणतात. जिनिंगमध्ये कापसाची गाडी काट्यावर यायच्या आधी काटा शून्यावर आणतात, तसं प्रत्येक रेघेच्या सुरुवातीला सिग्नलचा एक ठरलेला भाग एका ठरलेल्या व्होल्टेजवर आणून टेकवायचा. साध्या क्लॅम्पमध्ये तो भाग म्हणजे सिंकचं टोक, आणि टेकवायचं काम एक डायोड करतो.

इथं बरेच जण फसतात, म्हणून नीट वाचा. जुन्या सर्किटांत कंडेन्सरच्या पुढं एक डायोड ग्राउंडला आणि त्याला समांतर एक रेझिस्टन्स, इतकंच काढलेलं असतं. तसं १एन ४१४८ लावलं तर ते अर्धंच काम करतं. सिलिकॉन डायोडला चालू व्हायला अर्धा व्होल्टहून जास्त लागतो. अंधाराच्या सीनमध्ये सिंकचं टोक शून्याखाली जेमतेम ०.२८ पर्यंत जातं, डायोड झोपूनच राहतो. उजेडाच्या सीनमध्ये ०.८५ पर्यंत जातं, तेव्हा कुठं तो जागा होतो. म्हणजे जिथं तुमची तक्रार आहे, नेमकं तिथंच क्लॅम्प गैरहजर.

म्हणून डायोडला ग्राउंडवर बसवू नका, वर बसवा. १२ व्होल्टच्या सप्लायवरून १० के आणि २.२ के यांच्या जोडीनं सुमारे २.२ व्होल्ट काढा आणि त्या बिंदूवर ग्राउंडला ४७ मायक्रोफॅरॅड घाला. १एन ४१४८ ची साधी बाजू या २.२ व्होल्टवर, पट्टीची बाजू व्हिडिओच्या तारेवर. व्हिडिओ या तारेवर येईल तो ०.१ मायक्रोफॅरॅडच्या, म्हणजे १०४ लिहिलेल्या मायलर कंडेन्सरमधून. तुमचा १० मायक्रोफॅरॅडचा काढून टाका. तारेवरून ग्राउंडला ४७० के. तिथूनच बीसी ५४७ ट्रान्झिस्टरचा बेस, कलेक्टर १२ व्होल्टला, एमिटरला २.२ के. आता सिंकचं टोक तारेवर दीड व्होल्टच्या जरा वर आणि एमिटरवर १ व्होल्टच्या आसपास ठाण मांडून बसेल, सीन कोणताही असो.

४७० के कशाला, असं विचाराल. सिग्नल आपोआप थोडा थोडा खाली घसरत राहिला पाहिजे, नाहीतर डायोडला टेकायला सिंक खाली येणारच नाही. ४७० के आणि ट्रान्झिस्टरचा बेस मिळून एका रेघेत पाचेक मिलिव्होल्ट घसरवतात. ०.७ व्होल्टच्या चित्रात तेवढा उतार डोळ्याला कळत नाही. हा रेझिस्टन्स खूप लहान घेतलात तर चित्र डावीकडून उजवीकडे काळवंडत जाईल. फार मोठा घेतलात तर चॅनल बदलल्यावर पातळी जागेवर यायला वेळ लागेल.

दोन गोष्टी अजून, आणि यांच्याशिवाय वरचं सगळं वाया. पहिली, पिवळ्या पिनेच्या आत शिरल्याबरोबर, कंडेन्सरच्या आधी, ग्राउंडला ७५ ओहमचा रेझिस्टन्स हवाच. तो नसेल तर १ व्होल्टच्या जागी २ व्होल्ट येतात, मग कोणताही क्लॅम्प भर्रर्र थांबवू शकत नाही. दुसरी, एमिटरपासून मॉड्युलेटरपर्यंत एकही कंडेन्सर घालायचा नाही. क्लॅम्पची जागा शेवटच्या कंडेन्सरच्या पुढं असते. मागं लावलेला क्लॅम्प पुढच्या कंडेन्सरनं पुसला जातो. मला दाखवायला आणलेल्या डब्यांत सगळ्यात जास्त दिसणारी गोष्ट हीच : सुरुवातीला सुंदर क्लॅम्प, आणि पुढं सवयीनं घातलेला एक कंडेन्सर. मॉड्युलेटरचा बायस, म्हणजे त्याला लागणारी स्थिर पातळी, जुळत नाही म्हणून तो घालतात. बायस प्रीसेटनं, म्हणजे फिरवायच्या लहान रेझिस्टन्सनं, जुळवा. काळ्यावर पांढरी अक्षरं लावून आवाज भरभरायचा थांबेपर्यंत प्रीसेट फिरवा आणि तिथून केसभर पुढं नेऊन सोडा.

प्रश्न : जुन्या पुस्तकातल्या सर्किटात ओए ७९ डायोड दाखवला आहे. नागपूरला बर्डीवर फिरलो, मिळाला नाही. काय लावू?
— मोर्शी, जि. अमरावती

उत्तर : ओए ७९ जर्मेनियमचा. त्याला चालू व्हायला कमी व्होल्टेज पुरतं म्हणून जुन्या सर्किटांत तो थेट ग्राउंडवर चालून जात असे. त्याच्या जागी शॉटकी डायोड लावा, बीएटी ८५ सारखा. १एन ५८१९ शॉटकीच असला तरी तो पॉवर सप्लायचा. त्याची गळती आणि आतली कपॅसिटन्स दोन्ही जास्त, व्हिडिओच्या तारेवर त्याचं काम नाही. साधा १एन ४१४८ घेऊन वर सांगितल्याप्रमाणे २.२ व्होल्टवर बसवला तर कुठंच फिरायची गरज नाही.

प्रश्न : सर, मी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. डायोड क्लॅम्पपेक्षा बॅक पोर्च, म्हणजे सिंकनंतरची काळी पट्टी, धरणारा क्लॅम्प चांगला असं वाचलं, म्हणून सिंक ओळखणारा एलएम १८८१ आणि स्विचचा आयसी सीडी ४०६६ वापरून केला. एलएम १८८१ ला ५ व्होल्ट, ४०६६ ला १२ व्होल्ट दिले आहेत. कपलिंग कंडेन्सर ०.०१ मायक्रोफॅरॅड. चित्र जवळजवळ गायब झालं. पाचव्या पिनेचा पल्स उलटा करून बघितला, तरी फरक नाही. सगळ्याला ५ व्होल्ट दिले तेव्हा उलट्या पल्सवर चित्र आलं, पण त्याच्यावर आडव्या बारीक रेघा थरथरतात. काय चुकतं आहे?
— पुसद, जि. यवतमाळ

उत्तर : तुमची विचारांची दिशा चांगली आहे आणि अडचणी तीनच आहेत.

एलएम १८८१ च्या पाचव्या पिनेवर बॅक पोर्चच्या वेळी पल्स खाली जातो, आणि ४०६६ चा स्विच कंट्रोल वर गेल्यावर लागतो. सरळ जोडलं की बॅक पोर्चच्या वेळी स्विच तुटलेला आणि बाकी सगळ्या वेळी जोडलेला राहणार. म्हणजे क्लॅम्पची वेळ टळून अख्खं चित्रच रेफरन्सवर, म्हणजे ठरलेल्या व्होल्टेजवर, बांधलं जाणार. म्हणून पल्स उलटाच हवा. तो देऊनही आधी फरक पडला नाही, कारण १२ व्होल्टवरच्या ४०६६ ला ५ व्होल्टचा पल्स 'वर' वाटतच नाही, स्विच कोणत्याच पल्सवर लागत नाही आणि पातळी धरायला कोणी उरत नाही. दोघांना एकच सप्लाय द्या. एलएम १८८१ १२ व्होल्टवर चालतो. मधला उलटा करणारा ट्रान्झिस्टरही त्याच १२ वर ठेवा. १२ वर ४०६६ चा स्वतःचा रेझिस्टन्सही ५ व्होल्टपेक्षा बराच कमी होतो.

आडव्या रेघांचं कारण तुमचा ०.०१ मायक्रोफॅरॅड. बॅक पोर्च साधारण ५.८ मायक्रोसेकंदांचा, त्यातला तुमचा पल्स ४ मायक्रोसेकंदांच्या आसपास. इतका लहान कंडेन्सर त्या वेळात बराचसा भरतो, म्हणजे क्लॅम्प फार कडक झाला. बॅक पोर्चवर थोडी जरी खरखर असली तरी ती खरी पातळी समजून अख्ख्या रेघेला लागते. दर रेघेला वेगळी चूक, म्हणून थरथरणाऱ्या आडव्या रेघा. ०.१ करा. मग एका रेघेत चुकीचा थोडाच हिस्सा दुरुस्त होतो, पाच-दहा रेघांत पातळी जागेवर येते आणि खरखरीची सरासरी निघून जाते. ५ व्होल्टवर ४०६६ चा रेझिस्टन्स काहीशे ओहम असूनही ०.०१ कडक वाटला, १२ वर तर तो आणखी कडक होईल. तेव्हा सप्लाय आणि कंडेन्सर दोन्ही एकदमच बदला.

रंगीत सिग्नलचा बर्स्ट, म्हणजे रंगाचा संदर्भ देणारी छोटी लहर, बॅक पोर्चवरच बसलेला असतो. तुमचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट आहे, तेव्हा बर्स्ट मेला तरी तुमचं काही जात नाही. रंगीत सेटासाठी हाच डबा करायचा झाला तर स्विचच्या मालिकेत एखाद-दोन किलोओहमचा रेझिस्टन्स घाला, नाहीतर क्लॅम्प बर्स्टच गिळून टाकेल.

आणि डायोडपेक्षा हा चांगला का, याचं उत्तर तुमच्या पुस्तकात असेल तरी थोडक्यात : सिंकच्या टोकाखाली खरखरीचा काटा आला तर डायोड त्या काट्याला टेकतो आणि चित्र लुकलुकतं. शिवाय सिंकची उंची स्रोतागणिक कमी-जास्त असली की काळी पातळीही हलते. बॅक पोर्च धरला की थेट काळ्यालाच धरल्यासारखं होतं. तरी सेट-टॉपसारख्या स्वच्छ स्रोताला डायोड पुरतो, असं माझं मत आहे. प्रोजेक्टच्या मार्कांसाठी करत असाल तर दोन्ही करा.

प्रश्न : संत्र्याच्या बागेत झोपडी आहे, तिथं इन्व्हर्टरवर टीव्ही आणि डबा चालवतो. चित्रावर एक जाड काळसर आडवा पट्टा सावकाश वर चढत राहतो. विहिरीवरची मोटर लागली की तो अजून गडद होतो. क्लॅम्प लावल्यानं जाईल काय?
— वरुड, जि. अमरावती

उत्तर : डोळ्याला पुष्कळसा जाईल, पण आधी मूळ बघा. एकच पट्टा असेल तर ५० हर्ट्झचा हम (मेन्सची गुणगुण), म्हणजे बहुधा अर्थिंगचा किंवा दोन उपकरणांमधल्या ग्राउंडचा भानगडीचा मामला. दोन पट्टे दिसले असते तर १०० हर्ट्झ, म्हणजे डब्याच्या सप्लायचा फिल्टर कंडेन्सर सुकला असं म्हटलं असतं. पट्टा चढतो याचं कारण सेट-टॉपचे सेकंदाला ५० पडदे त्याच्या क्रिस्टलवर चालतात आणि तुमचे ५० हर्ट्झ इन्व्हर्टरचे. दोघांचं बरोबर जुळत नाही, त्या फरकानं पट्टा सरकतो.

एका रेघेच्या ६४ मायक्रोसेकंदांत ५० हर्ट्झचा हम स्वतःच्या उंचीच्या फार तर २ टक्के बदलतो. म्हणून रेघेगणिक पातळी धरणारा क्लॅम्प ०.१ व्होल्टच्या हमला एकेका रेघेत २ मिलिव्होल्टवर आणू शकतो. वरच्या दारव्ह्याच्या पत्रात दिलेला डायोडचा क्लॅम्प इतका हम पाठोपाठ धरतो. मोटर लागल्यावर पट्टा गडद होतो त्याअर्थी डिशची केबल कुठंतरी मोटरच्या अर्थला लागली आहे. बागेतल्या अर्थच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी कोण घालतं? ते घाला, आणि डिशचा खांब मोटरच्या पाइपापासून वेगळा करा. क्लॅम्प नंतर लावा.

प्रश्न : मॉड्युलेटरचा खटाटोप कशाला? सेट-टॉपचा व्हिडिओ सरळ टीव्हीच्या आत व्हिडिओ अँप्लिफायरला दिला तर क्लॅम्पही तिथंच लावता येईल आणि चित्र जास्त स्वच्छ येईल.
— सडक अर्जुनी, जि. गोंदिया

उत्तर : चित्र स्वच्छ येईल हे खरं. टीव्ही कोणता आहे ते तुम्ही लिहिलं नाही, आणि उत्तर त्याच्यावरच आहे. १२ व्होल्टवर, बॅटरीवर चालणारा ट्रान्झिस्टरचा छोटा सेट असेल तर आत मेन्स ट्रान्सफॉर्मर असतो, चॅसिस मेन्सपासून सुटी असते, खुशाल करा. पण आत व्हॉल्व्ह असतील आणि त्यांचे नंबर पीएल, पीवाय, पीसीएल असे पी नं सुरू होत असतील तर ते ३०० मिलिअँपिअरच्या एका माळेत थेट मेन्सवर लावलेले आहेत. ट्रान्सफॉर्मर नाही. चॅसिसला मेन्सची एक तार जोडलेली आहे, आणि आपल्याकडे दोन पिनांचा प्लग कोण कसा घालेल याचा नेम नसतो. अशा सेटाला पिवळी पिन जोडली म्हणजे सेट-टॉप, डिशची केबल आणि छपरावरचा लोखंडी खांब सगळे २३० व्होल्टवर. पावसाळ्यात त्या खांबाला कोणी हात लावला तर?

टेस्टरचा दिवा प्लग एका बाजूनं घातल्यावर लागला नाही म्हणून चॅसिस सुरक्षित समजू नका. अशा सेटाला मॉड्युलेटरच हवा. तो लावतानासुद्धा अँटेना सॉकेटाच्या मागं दोन लहान आयसोलेशन कंडेन्सर असतात ते आधी तपासा. इतक्या वर्षांत त्यांना तडे गेलेले असतात. बदलायचे तर मेन्सला चालणारे वाय वर्गाचेच घाला. बाजारातली साधी डिस्क चालणार नाही. पिक्चर ट्यूबच्या टोपीवर १५,००० व्होल्टच्या आसपास असतात आणि सेट बंद केल्यावरही ते काही काळ राहतात, हे तुम्हाला माहीत असेल असं धरून चालतो. माहीत नसेल तर मागचं झाकण उघडू नका.

प्रश्न : काकांनी १९६० च्या दशकात इंग्लंडहून जहाजानं एक टीव्ही आणला होता. तो इथं कधीच चालला नाही. मागं ४०५ लाइन्स असं लिहिलं आहे. आपल्या डब्यावर तो चालेल का?
— सेलू, जि. वर्धा

उत्तर : नाही, आणि क्लॅम्प लावूनही नाही. लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून बीबीसीनं १९३६ साली जी नियमित सेवा सुरू केली तिची ४०५ रेघांची पद्धत पुढं तिथं १९८५ च्या जानेवारीपर्यंत चालली. आपल्याकडे १९५९ साली दिल्लीला सुरुवात झाली ती ६२५ रेघांवर. त्यामुळे तुमच्या काकांच्या टीव्हीला इथल्या हवेत त्याच्या ओळखीचं कधी काही सापडलंच नाही.

फरक नुसता रेघांच्या संख्येचा नाही. त्याची एक रेघ ९८.८ मायक्रोसेकंदांची, आपली ६४ ची. त्याच्यात पांढऱ्याला कॅरिअर पूर्ण आणि सिंकला शून्य, आपल्या बरोबर उलट. आवाज एफएम नाही, एएम, आणि तोही चित्राच्या कॅरिअरच्या खाली ३.५ मेगाहर्ट्झवर. म्हणून चित्राच्या रेघा आधी मेमरीत साठवून दुसऱ्या वेगानं बाहेर काढणारं यंत्र लागतं. इंग्लंडमधले हौशी लोक असे कन्व्हर्टर घरी बनवतात, आणि त्यांच्या डोकेदुखीतही क्लॅम्प वरच्या क्रमांकावर असतो. व्हिडिओचे आकडे करायच्या आधीच पातळी धरावी लागते. आठ बिटांच्या नेहमीच्या मापात काळं १६ वर आणि पांढरं २३५ वर बसतं; काळी पातळी हिंडत असेल तर ते हिंडणं आकड्यांतच भरलं जातं, आणि नंतर बाहेरच्या बाजूला कितीही चांगला क्लॅम्प लावला तरी निघत नाही. बाहेरही मोकळीक नाही : सिंक शून्य कॅरिअरवर असल्यामुळे पातळी जरा खाली सरकली की सिंकच कापली जाते.

पुसदच्या त्या विद्यार्थ्यासारखा कोणी तुमच्याजवळ असेल तर त्याच्यासाठी हा वर्षभराचा उत्तम प्रोजेक्ट आहे. तोवर टीव्हीला मेन्स देऊ नका. इतकी वर्षं बंद असलेल्या सेटातले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर एकदम २३० व्होल्ट मिळाले तर फुटतात.

प्रश्न : एप्रिलपर्यंत डबा मस्त चालत होता. आता दुपारी चित्र जाऊन मुंग्या येतात, मग चॅनलचं बटण जरा फिरवावं लागतं. रात्री पुन्हा उलटं फिरवावं लागतं.
— वरोरा, जि. चंद्रपूर

उत्तर : तुमच्याकडे मे महिन्यात पारा ४६ च्या वर जातो आणि डबा बहुतेक टीव्हीच्याच डोक्यावर ठेवलेला असणार. मॉड्युलेटरची कॉइल तापली की ६२.२५ मेगाहर्ट्झवरून सरकते. कॉइलच्या बाजूचा कंडेन्सर साधा सिरॅमिक असेल तर काढून उष्णतेनं न बदलणारा एनपीओ जातीचा लावा, कॉइल मेणानं पक्की करा, तिच्या सप्लायला स्वतंत्र ९ व्होल्टचा रेग्युलेटर द्या. आणि डबा टीव्हीवरून उचलून खाली, कूलरच्या वाऱ्यात ठेवा. मात्र कूलरच्या मोटरपासून हातभर लांब, नाहीतर पुढच्या महिन्यात वरुडच्या वाचकासारखं पट्ट्याचं पत्र येईल.